पुसत पुसत

आमच्या दिवाणखान्यात कपाटाच्या बाजूला मी काढलेलं एक चित्र टांगलंय. आठ वर्षांपूर्वीच्या एका कार्यशाळेतलं. शिकवणारे गृहस्थ मनापासून शिकवत होते, त्याबद्दल तक्रार नाही. "मोकळे व्हा, मनगट सोडा, विचार करू नका," असं दर पाच मिनिटांनी म्हणायचे. मागे संगीत चालू, हातात भिंत रंगवायचा तीन इंची ब्रश, समोर एक माणूस मॉडेल म्हणून बसलेला आणि एका चेहऱ्याला दोन मिनिटं. त्या दिवशी मी अकरा चेहरे काढले. सातवा की आठवा घरी आणून फ्रेम केला. पाहुणे आले की म्हणतात, "काय एक्स्प्रेसिव्ह आहे हो!" मी हसते आणि विषय बदलते.

कारण त्यातला माणूस कोण होता ते मला आठवत नाही, आणि चित्रही सांगत नाही. डोळ्यांच्या जागी दोन फटकारे आहेत. ते कुणाच्याही डोळ्यांच्या जागी चालले असते. जबड्याखालचा जो ओघळ बघून लोक खूश होतात, तो ब्रशवर पाणी जास्त झालं म्हणून आलेला आहे. त्या चित्रात आवेश भरपूर आहे, पण तो समोरच्या माणसाबद्दलचा नाही. माझा माझ्यापुरता आहे.

फ्रँक आउअरबाख या ब्रिटिश चित्रकाराकडे मी वळले ती याच चुकीच्या वाटेने. त्याची चित्रं पहिल्यांदा स्क्रीनवर पाहिली तेव्हा वाटलं, हा आपल्यातलाच, फक्त आपल्यापेक्षा धीट. चेहरा म्हणजे जाड रंगाचे चार-सहा पट्टे, नाकाची एक वाकडी रेघ, कपाळावरून खाली आलेला एक नागमोडी फराटा. मी लगेच कॅनव्हास आणला, अ‍ॅक्रिलिकच्या ट्यूबा पिळल्या आणि त्याच्या एका उत्तरकाळातल्या डोक्याची नक्कल करायला बसले. फटकाऱ्याला फटकारा. दीड तासात चित्र झालं आणि ते भिंतीवरच्या त्या जुन्या चित्राचं धाकटं भावंड निघालं. पट्टे तेच, तितकेच जाड, पण त्यांच्या आत कुणी नव्हतं. लग्नातल्या भाड्याच्या फेट्यासारखं.

मग तो काम कसं करायचा ते वाचत गेले आणि लक्षात आलं की मी शेवटच्या दोन तासांची नक्कल केली होती. त्याच्या आधीचं वर्ष माझ्याकडे नव्हतंच.

आउअरबाखचा जन्म १९३१ चा, बर्लिनचा. ज्यू कुटुंब. १९३९ साली, आठ वर्षं पूर्ण व्हायच्या सुमारास, आईवडिलांनी त्याला इंग्लंडला पाठवून दिलं. ते स्वतः मागे राहिले आणि छळछावणीत मारले गेले. मुलगा केंटमधल्या एका निवासी शाळेत वाढला, पुढे लंडनला आला आणि चित्रकला शिकू लागला. नावाजलेल्या कलाशाळांत तो शिकलाच, पण त्याला खरं घडवलं ते बरो पॉलिटेक्निकमधल्या डेव्हिड बॉम्बर्गच्या वर्गांनी. बॉम्बर्गला नाक, डोळे, ओठ यांच्या यादीत रस नव्हता. माणूस जागा व्यापतो, त्याला वजन असतं, तो खुर्चीवर दाबून बसलेला असतो, आणि ते वजन कागदावर यायला हवं, असा त्याचा आग्रह. हुबेहूबपणा मागून येईल, न आला तरी चालेल.

१९५४ साली आउअरबाखने लंडनच्या कॅम्डन भागात मॉर्निंग्टन क्रेसेंटजवळ एक स्टुडिओ घेतला. त्याच्या आधी तिथे त्याचा चित्रकार मित्र लिऑन कॉसॉफ काम करायचा. त्यानंतर सत्तर वर्षं, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वारला तोपर्यंत, आउअरबाखचा स्टुडिओ तोच राहिला. आठवड्याचे सातही दिवस काम. मॉडेलही तीच तीच. एस्टेला ऑलिव्ह वेस्ट, चित्रांच्या शीर्षकांत जी फक्त ई. ओ. डब्ल्यू. म्हणून येते, ती त्याच्यासमोर दोन दशकांहून अधिक काळ बसली. ज्युलिएट यार्डली मिल्स, म्हणजे जे. वाय. एम., १९५६ पासून १९९७ पर्यंत. शिवाय बायको ज्युलिया, एक आतेबहीण, दोन-तीन मित्र. जगात इतके चेहरे असताना हा माणूस आयुष्यभर मोजक्या सात-आठ डोक्यांभोवती फिरत राहिला.

आणि दर बैठकीच्या शेवटी काढलेलं सगळं पुसून टाकायचा.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते कलावंतांच्या दंतकथांपैकी वाटलं होतं. पण ती त्याची रोजची कामाची रीत होती. सुरुवातीच्या वर्षांत तो रंगावर रंग चढवत जायचा. काळा, पांढरा आणि मातकट रंग, कारण तेच परवडायचे. चित्र महिनोन् महिने चालायचं आणि रंगाचा थर बोटभर जाड व्हायचा. १९५६ साली त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं तेव्हा त्या जाडीवरून बरीच टीका झाली. साठच्या दशकात त्याने रीत बदलली. बैठक संपली की पॅलेट नाइफने, म्हणजे रंग कालवायच्या बोथट सुरीने, अख्खा चेहरा खरवडून काढायचा आणि पुढच्या वेळी उरलेल्या धूसर डागावर पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची. असं तीस वेळा, पन्नास वेळा, कधी त्याहून जास्त. मग एखाद्या दिवशी सगळं जुळून यायचं आणि चित्र एका बैठकीत, ओल्यावर ओलं, डोक्यापासून हनुवटीपर्यंत उभं राहायचं. बघणाऱ्याला वाटतं हे दोन तासांत झालंय. तेही खरंच आहे.

माझी अ‍ॅक्रिलिकची नक्कल का फसली याचं निम्मं उत्तर इथे होतं, आणि ते अगदी रसायनातलं होतं. अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी उडालं की रंग प्लास्टिकसारखा घट्ट होतो. थोड्याच वेळात तुमचा निर्णय पक्का. तैलरंगात उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत सावकाश कडक होतं. त्यामुळे थर जाड असेल तर वर साय धरते आणि आतला रंग वर्षानुवर्षं मऊ राहू शकतो. म्हणजे खरवडायला, बदलायला, आपलं म्हणणं मागे घ्यायला दिवसच्या दिवस मिळतात. मी असं साहित्य हाती घेतलं होतं जे मला माघार घेऊच देत नव्हतं, आणि त्यात अशा माणसाची नक्कल करत होते ज्याचा निम्मा दिवस माघार घेण्यात जायचा.

खरवडण्याचीही एक परंपरा आहे बरं का. लंडनच्या स्लेड कलाशाळेत हेन्री टाँक्स नावाचे प्राध्यापक होते. दिवसाचं काम संपलं की ओल्या तैलचित्रावर शोषून घेणारा कागद, म्हणजे बहुतेकदा वर्तमानपत्र, दाबायचा आणि अलगद उचलायचा, म्हणजे जास्तीचा रंग कागदावर येतो आणि दुसऱ्या दिवशी पुढे काम करता येतं, असं ते शिकवायचे. त्याला त्यांच्याच नावावरून 'टाँकिंग' म्हणतात. हे टाँक्स मुळात शल्यचिकित्सक. पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांची पेस्टलमधली चित्रं त्यांनी केली, हॅरल्ड गिलीज त्या चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया करत असताना. चेहरा हा बिघडू शकतो आणि पुन्हा बांधावा लागतो, हे त्या माणसाला वेगळं सांगायला नको होतं.

तैलरंगाच्या वासाचा आमच्या घरात एकाला त्रास होतो. म्हणून मी चारकोलवर, म्हणजे चित्रकलेच्या कोळशावर आले. तिथे मला आउअरबाखची ती डोकी सापडली, ज्यांच्यामुळे हा लेख लिहितेय.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि साठच्या सुरुवातीला त्याने चारकोलमध्ये काही मोठी डोकी काढली. एस्टेला, ज्युलिया, कॉसॉफ आणि स्वतःचंही. २०२४ च्या सुरुवातीला लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत ती एकत्र मांडली गेली. कागद साधारण पाऊण मीटर उंच, डोकं खऱ्या डोक्याहून मोठं. अंधारातून वर येणारं. काही गाल, काही कपाळं इतकी उजळ की तिथे दिवा लावलाय असं वाटावं, आणि तो उजेड बराचसा रबराने खणून काढलेला. आणि ठिगळं. दररोज काढायचं आणि दररोज पुसायचं, यात कागद झिजून फाटायचा. मग त्या भोकावर तो कागदाचा दुसरा तुकडा चिकटवायचा आणि पुढे चालू. त्याच्या १९५८ च्या स्वतःच्या चित्रात हे तुकडे सरळ दिसतात. कडा लपवायचा प्रयत्न नाही. एका तुकड्यावरची काळी रेघ दुसऱ्या तुकड्यावर तशीच पुढे जाते, रस्ता जसा खड्डा बुजवलेल्या डांबरावरून जातो तसा.

पुष्कळ जण त्या ठिगळांत युद्ध बघतात. बर्लिनमधून उपटलेला मुलगा, बॉम्बने फाटलेलं लंडन, फाटलेले चेहरे. असेल. मला मात्र त्याची घाई वाटते. चरित्र हाताशी असलं की ते चित्रावर चिकटवायचा मोह सगळ्यांनाच होतो. हातात चारकोल घेऊन जो कधी बसलाय त्याला त्या ठिगळांत आधी एक साधी गोष्ट दिसते: हा माणूस समाधानी नव्हता, आणि नवीन कागद घ्यायलाही तयार नव्हता.

नवीन कागद का नाही? मी इथे बराच वेळ अडकले. पुसायचंच आहे तर स्वच्छ कागद घ्यावा. पण चारकोल पूर्ण पुसला जात नाही. जळलेल्या लाकडाचा तो नुसता भुगा, त्यात चिकटवणारं काही नसतं. कागदाच्या पृष्ठभागावर जे बारीक खाचखळगे असतात, ज्याला आम्ही कागदाचा दाणा म्हणतो, त्यात ते कण जाऊन बसतात. फडक्याने झटकले तर वरचे जातात. कणकेसारखं मळता येणारं रबर दाबून उचललं तर आणखी थोडे जातात. तरी तळाशी राखाडी छटा राहतेच, आणि त्या छटेत कालचा चेहरा दिसतो. भुतासारखा. पुन्हा पुन्हा घासलं की दाणा दबतो, कागद गुळगुळीत होतो आणि चारकोल धरेनासा होतो. त्याला 'कागद मेला' म्हणतात. म्हणजे पुसण्याच्या दोन मर्यादा. अलीकडे भूत, पलीकडे भोक. त्या दोन्हींच्या मधे आउअरबाख राहायचा.

तर मी ठरवलं, आपणही एक डोकं घ्यायचं. एकच. एकच कागद, तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड. दर रविवारी सकाळी दोन तास.

मॉडेल म्हणून सासूबाई मिळाल्या. मिळाल्या म्हणजे, नवरा दहा मिनिटं स्थिर बसू शकत नाही आणि मुलगी फोनशिवाय. सासूबाई एकोणऐंशीच्या. "मला काय, नुसतं बसायचंच ना? ते तर मी रोजच करते," असं म्हणून त्या वेताच्या खुर्चीत बसल्या. खुर्चीचे चार पाय आणि त्यांची पावलं यांच्याभोवती मी फरशीवर खडूने खुणा केल्या.

पहिला रविवार छान गेला. दोन तासांत बऱ्यापैकी साम्य आलं. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं, मान डोलावली. मी फडकं घेतलं आणि कपाळापासून खाली पुसत आले.

"अगं! अगं काय करतेस?"

"आई, असंच करायचंय. पुढच्या रविवारी पुन्हा काढणार."

"मग आज मला कशाला बसवलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या रविवारी त्या रुसल्यासारख्या बसल्या. चौथ्या रविवारी घरात सगळ्यांना सांगून झालं होतं की ही मला दर आठवड्याला काढते आणि दर आठवड्याला खोडते.

पुसण्याचा पहिला परिणाम कागदावर झाला नाही, माझ्या भीतीवर झाला. संध्याकाळी हे जाणारच आहे म्हटल्यावर चांगलं आलेलं नाक सांभाळायचं कारण उरलं नाही. एरवी माझं असंच व्हायचं: एखादा डोळा मस्त जमला की उरलेलं सगळं चित्र त्या डोळ्याची चाकरी करत बसायचं. तो चुकीच्या जागी आहे हे दिसत असूनही त्याला हलवायचा धीर व्हायचा नाही, मग कपाळच खाली ओढायचं. आता डोळा गेला तर गेला. डोळे किलकिले करून मी आधी मोठे ढीग मांडायला लागले. केसांचा आणि मानेचा मिळून एक काळा ढीग, उजव्या गालाचा एक राखाडी ढीग, त्यातून कोरलेला कपाळाचा उजेड. चारकोलची कांडी आडवी धरून. डोळे शेवटी, कधी कधी नाहीतच. बॉम्बर्गचं ते वजनाचं म्हणणं आता जरा कळलं. सासूबाईंचं डोकं मानेवर ठेवलेलं नसतं, ते मानेवरून पुढे ओघळलेलं असतं आणि डाव्या खांद्याने त्याला सावरलेलं असतं. ते ओघळणं आलं की त्या आल्या. न आलं तर पापण्यांचे केस मोजून काढले तरी त्या येत नाहीत.

दुसरी गोष्ट समोरच्या खुर्चीत घडत होती. पहिली वीस मिनिटं सासूबाई फोटोसाठी बसल्यासारख्या बसायच्या. ओठ मिटलेले, हनुवटी जरा वर, कपाळावर जुन्या शिक्षिकेचा करारीपणा. मग हळूहळू ते गळून जायचं. ओठांची डावी कड खाली यायची, नजर कपाटाच्या एका मुठीवर अडकायची, आणि जो चेहरा यायचा तो मी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. विचार करून बघितला तर कारण सोपं होतं. एकोणीस वर्षं मी त्यांचा जो चेहरा बघत आले तो माझ्याबद्दल काहीतरी मत असलेला चेहरा होता. भाजीत मीठ कमी आहे, उशीर झाला, बरं केलंस. या चेहऱ्याला माझ्याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. तो एकटा होता, आणि त्याला ते चालत होतं.

आउअरबाखची मॉडेल वर्षानुवर्षं का बसत असतील आणि तो तीच माणसं का घेत असेल, हे कोडं मला सहाव्या-सातव्या रविवारी थोडं सुटलं. अनोळखी माणसाचा चेहरा म्हणजे बातमी असते. नवी असते म्हणून डोळ्यांत भरते, आणि कागदावर लगेच उतरते. ओळखीच्या चेहऱ्यात बातमी उरलेली नसते, म्हणून मग बघावं लागतं. एक कुरकुरही आहे माझी. त्या बायकांच्या वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांच्या बैठकींचा हिशेब कुणी मांडत नाही. चित्र त्याचं, नाव त्याचं, आणि शीर्षकात त्यांची आद्याक्षरं. सासूबाईंचं नाव या लेखात मीही लिहिलेलं नाही, पण ते त्यांच्या सांगण्यावरून.

नवव्या रविवारी कागद फाटला. डाव्या डोळ्याखाली, जिथे मी सगळ्यात जास्त झगडत होते तिथे. आधी तंतू वर आले, लोकरीच्या जुन्या स्वेटरवर येतात तसे गोळे झाले, आणि मग रबराखाली काहीतरी सैल सरकलं. बोटाच्या पेराएवढं भोक, त्यातून मागचा बोर्ड दिसत होता. मला रडूच यायचं बाकी होतं. सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "काय झालं?"

"फाटलं."

"चला. सुटलो."

सुटलो नाही. मैद्याची पातळ खळ केली, त्याच कागदाचा तुकडा हाताने फाडला (कापला तर कड धारदार राहते आणि नजर तिथेच अडखळते), मागून नव्हे, पुढून चिकटवला. वर जाड पुस्तकं ठेवली. पुढच्या रविवारी त्या ठिगळावर चारकोल लावला तर तो एकदम वेगळाच बसला. आजूबाजूचा कागद मेलेला, राखाडी, आणि हा तुकडा कोरा, दाणेदार, तिथे काळा म्हणजे खरा काळा आणि पांढरा खरा पांढरा. डोळ्याखालचं ते हाड आजवर कधी इतकं पुढे आलं नव्हतं. मी योजून केलं असतं तर जमलं नसतं. आउअरबाखच्या डोक्यांवर एखादा गाल अचानक उजळतो, त्यातलं काही याच कारणाने उजळत असेल का, असा विचार त्या दिवशी दिवसभर मनात होता.

याच सुमारास एका दुपारी सासूबाई स्वतःच्या आजोळच्या गोष्टी सांगत होत्या. त्यांची आजी दारात आलेल्याला "काय पुसतोस?" म्हणायची. म्हणजे काय विचारतोस. मला हा अर्थ माहीत होता, जुन्या कवितांत, अभंगांत भेटतो, पण तो आपल्या रोजच्या तोंडातून कधी गेला ते कळलंही नाही. आपल्याकडे आता पुसणं फक्त फडक्याचं उरलंय. पत्ता पुसत पुसत जाणारा माणूस मात्र अजून कुठे कुठे भाषेत आहे. मी रबर मळत ते ऐकत होते आणि हातातल्या रबराकडे बघत होते. चित्रकलेच्या कुठल्याही पुस्तकात मला इतकी नेमकी गोष्ट मिळाली नव्हती.

सगळंच आउअरबाखचं मला आवडतं असं नाही. त्याची काही डोकी माझ्यापुरती बंदच राहिलीत. रंगाच्या गुंत्यात मी नाक शोधत राहते आणि ते सापडलं की चित्र संपतं, कोडं सुटल्यासारखं. त्यापेक्षा त्याची मॉर्निंग्टन क्रेसेंटच्या रस्त्यांची चित्रं मला जवळची वाटतात. आणि सतत पुसत राहणं हाच एकमेव मार्ग आहे असंही नाही. त्याचा मित्र ल्युसियन फ्रॉईड अगदी उलटा. तो चित्राच्या एका ठिकाणी सुरुवात करायचा आणि तिथून बाहेर बाहेर जात राहायचा, एक एक इंच पक्का करत, प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश चिंधीला पुसून. त्याच्या स्टुडिओत त्या चिंध्यांचे ढीग असायचे. त्याच फ्रॉईडने आउअरबाखची चित्रं आयुष्यभर जमवली होती, आणि २०११ साली तो गेल्यावर ती ब्रिटनमधल्या संग्रहालयांकडे गेली. दोन माणसं इतक्या उलट्या रीतीने काम करतात आणि तरी एक जण दुसऱ्याची चित्रं जमवतो, हे मला फार आवडतं.

स्वतः आउअरबाखही कुणाकडून तरी शिकतच होता. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जाऊन तो रेम्ब्रांट, टिशियन यांच्या चित्रांवरून रेखाटनं करायचा, विद्यार्थीदशेतच नव्हे, नाव झाल्यानंतरही कितीतरी वर्षं. १९९५ साली याच रेखाटनांचं आणि चित्रांचं प्रदर्शन त्याच गॅलरीत भरलं होतं. त्या रेखाटनांत रेम्ब्रांटसारखं दिसणारं काही नाही. कोन आहेत, तिरक्या रेघा आहेत, कुठलं वजन कुठे टेकलंय त्याचा हिशेब आहे. मी त्याचे पट्टे उचलले होते. तो रेम्ब्रांटचे पट्टे उचलत नव्हता. ते चित्र कशाच्या आधारावर उभं आहे ते चाचपत होता.

आणि शेवटी शेवटी त्याच्यावर एक गमतीची वेळ आली. महासाथीत मॉडेल येणं बंद झालं. नव्वदीच्या आसपासचा हा माणूस, त्याच्यासमोर एकच डोकं उरलं, आरशातलं. तरुणपणी त्याला स्वतःच्या चेहऱ्यात फारसा रस वाटला नव्हता. आता डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, सगळं लोंबायला लागलंय, त्यामुळे काम करायला साहित्य जास्त आहे, अशा अर्थाचं तो म्हणाला. २०२३ साली ती स्वतःची चित्रं प्रदर्शनात आली. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग माझ्याकडे तर गोदाम आहे."

परवा सव्विसावा रविवार झाला. कागदावर आता तीन ठिगळं आहेत. डोळ्याखालचं, कानाजवळचं एक लांबुळकं, आणि हनुवटीवर ठिगळावर ठिगळ. सकाळी उजेड चांगला होता. साडेअकरापर्यंत असं काहीतरी आलं जे याआधी आलं नव्हतं. डोकं ओघळलेलं, कपाटाच्या मुठीवरची ती नजर, आणि सगळं सहा-सात रेघांत. मी कांडी खाली ठेवली. हात मांडीला पुसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा मनात आलं की याच्यावर आता फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल पक्का करणारा फवारा, मारावा आणि थांबावं.

सासूबाई उठल्या. खुर्चीच्या हाताला धरून, सावकाश. बोर्डासमोर येऊन चष्मा लावला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग बोट चित्राच्या जवळ नेलं, न टेकवता.

"हे नाक माझं नाही. हे तुझ्या नवऱ्याचं आहे."

मी बघितलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. नाकाचा वरचा भाग सरळ उतरत होता. त्यांचं तसं नाही. मधे एक बारीक पायरी आहे, ती मी पंचवीस रविवार काढत आले होते आणि आज, सगळं जुळतंय म्हटल्यावर, घाईत पाठ असलेलं नाक लावून दिलं होतं.

त्या परत खुर्चीकडे गेल्या. बसल्या, पावलं खडूच्या खुणांत एकेक करून जुळवली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

"पूस," म्हणाल्या. "अजून पंचवीस मिनिटं आहेत."